वाढपी सरांची पंगत

आमच्या सरांसमोर कुणी साधं "आज उकडतंय" असं म्हणालं, तरी सर विचारायचे, "तुला कोणी सांगितलं?" म्हणणारा बिचारा समोर घाम पुसत उभा असायचा, पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. "मलाच वाटतंय, सर," असं म्हटलं की सरांचा चेहरा खुलायचा. "मग 'मला उकडतंय' असं म्हण. नुसतं 'उकडतंय' म्हणालास म्हणजे सगळ्या सांगलीच्या वतीनं बोललास. सांगलीला विचारलंस का?" सांगलीला कोण विचारणार! आम्ही गपचूप सदऱ्याचं बटण उघडायचो आणि उकडण्याविषयी पुन्हा चकार शब्द काढायचो नाही.

कॉलेजात त्यांना सगळे 'वाढपी सर' म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडत होतं, असा माझा संशय आहे. दिसायला किरकोळ, धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. कोटाचे दोन्ही खिसे चिठ्ठ्यांनी फुगलेले. रस्त्यात, देवळात, कुणाच्या बारशाला गेले तरी काही सुचलं की चिठ्ठी निघायची आणि त्यावर बारीक अक्षरात कोण म्हणालं, कुठं म्हणालं, स्वतः पाहून म्हणालं की ऐकून, असं सगळं टिपलं जायचं. एकदा मंडईत त्यांनी भाजीवालीला पैशांऐवजी चिठ्ठीच दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "आवं मास्तर, ह्येच्यात भेंडी न्हाई येत."

हे वाढपी नाव कुठून आलं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी कोरेगाव तालुक्यातला. घरी शेती. वडील पहिल्या लढाईत पलटणीत होते आणि तिथून येताना शिस्त व मिशी एवढ्या दोनच गोष्टी बरोबर घेऊन आले होते. घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. एम.ए.ला प्रबंध लिहायचा ठरवला. विषय घेतला हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. सांगलीच्या पेठेचा सगळा डौल या पेवांवर. मी उत्साहाच्या भरात विषयाबरोबर पहिलं प्रकरणच लिहून सरांकडे नेलं.

सरांनी ते वाचलं नाही, नुसतं चाळलं. मग म्हणाले, "शंकर, यात दुसरं कुणीच दिसत नाही रे."

"दुसरं कोण, सर?"

"जग. तुझ्या आधी किती माणसं त्या पेवांच्या काठावर उभी राहून काहीबाही लिहून गेली असतील! त्यांतलं एकही इथं नाही. लग्नघरात शिरून कुणाला न विचारता सरळ पाटावर जाऊन बसतो त्याला काय म्हणतात?"

"आगंतुक," मी म्हणालो.

"तुझा प्रबंध आगंतुक आहे." असं म्हणून त्यांनी कागद परत केले आणि मग जरा मऊ होऊन समजावलं, "अरे, संशोधक हा वाढपी असतो. आधी आलेल्यांना नीट बसवायचं, कुणाच्या पानात काय आहे, काय नाही ते बघायचं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात काही उरलं असेल तर आपण बसायचं."

"आणि काहीच उरलं नसेल तर?"

"तर विषय बदलायचा. उपाशी मरायचं नाही."

हे नुसतं बोलणं असतं तर मी त्याला दृष्टान्त म्हणून सोडून दिलं असतं. पण सर खरोखरच पंगत मांडत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर लाकडी पाटांच्या समोरासमोर दोन ओळी असायच्या. एकेक पाट एकेका लेखकाचा. पाटावर त्याचं पुस्तक किंवा मासिक, आणि वर चिठ्ठी. एका बाजूचं म्हणणं साधारण एकसारखं, समोरच्या ओळीत त्यांना न मानणारे. ज्यानं स्वतः काही पाहिलेलं नाही, दुसऱ्याचंच आपल्या शब्दांत सांगितलंय, त्याला स्वतंत्र पाट नाही. "हा याच्या मांडीवर," असं म्हणून सर त्याची चिठ्ठी मूळ लेखकाच्या पाटावर ठेवायचे, लहान पोराला बापाच्या मांडीवर बसवतात तशी. मोठमोठे पदवीधर लेखक सरांच्या घरी मांडीवर बसलेले मी पाहिले आहेत.

वाचायचं कसं, यालाही त्यांचा रिवाज होता. पुस्तक हातात आलं की आधी मागची, आधार दिलेली पानं. "समोरच्या दारानं गेलास तर लेखक हार घालून उभा असतो. परसदारानं जा म्हणजे चुलीवर काय शिजतंय आणि पीठ कुणाकडून उसनं आणलंय ते कळतं." ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याला सगळ्यात आधी वाचायचं आणि त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. मी एकदा अशाच एका न पटणाऱ्या लेखकाची दोन ओळींत वासलात लावली होती. सर खवळले. "पंगतीत वैर काढणारा वाढपी हलकट! त्याच्या पानात तूप जास्त वाढ. मग भांड." आणि थांबायचं कधी? तर नवा पाहुणा येऊन पाटावर बसलेल्या जुन्यांचीच ओळख सांगायला लागला की समजायचं, आता दार लावून घ्यायला हरकत नाही.

या सगळ्याचा जाच होता तो काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला. कारण पाट घरातले होते. काकू हरिपूरच्या, त्यांच्या वडिलांची स्वतःची पेवं होती, घर खातंपितं. तिथून लाडाची लेक इथं आली आणि जमिनीवर बसून जेवू लागली. पाहुणे आले की काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, तुमच्या त्या मुंबईच्या प्रोफेसरांना जरा उठवा, माझे मामा आलेत." सर कुरकुरत पाट मोकळा करायचे. पाहुणे गेल्यावर काकू पाट परत आणून ठेवायच्या, पण कुठला कुठं होता हे त्यांना कसं आठवणार? एकदा त्यांनी दोन कट्टर विरोधकांना शेजारी बसवलं. सर आठवडाभर त्या दोघांत साम्य शोधत होते आणि मौज म्हणजे त्यांना ते सापडलंही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांचं बिऱ्हाड साताऱ्याच्या घरी जायचं आणि त्यांच्याबरोबर ही पंगतही. मी गावाहून सायकल मारत तिथं जायचो. दुसरी लढाई चालू होती, जिल्ह्यात भूमिगतांची धामधूम होती, कुणाच्या घरावर कधी झडती येईल याचा नेम नव्हता. एके दुपारी आमच्यावरही आली. एक जमादार आणि मागं दोन शिपाई. जमादारानं खोलीभर मांडलेले पाट पाहिले, चिठ्ठ्या पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले.

"कसली बैठक चाललीय ही?"

"बैठक नाही, पंगत आहे," सर शांतपणे म्हणाले.

"जेवणारी कुटं हायती?"

"पुष्कळसे वारले. एक विलायतेला परत गेले. एक मुंबईला असतात."

"मुंबैला?" जमादार सावध झाला. त्यानं वाकून एक चिठ्ठी अक्षर लावत वाचली. "हितं इरोद लिवलाय. कुनाचा इरोद?"

"याचा त्याला."

"आन् म्होरक्या कोन ह्यांच्यातला?"

"जमादार, कित्येक महिने आम्ही दोघं तेच शोधतोय," सर कळवळून म्हणाले. "तुम्हाला सापडला तर सांगा."

तेवढ्यात काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "न्यायचे तर सगळे घेऊन जा ठाण्यावर. पण माणसं न्या, पाट ठेवा. मला स्वयंपाकघरात एक पाट उरलेला नाही." जमादारानं घुटमळत पुढची चिठ्ठी उचलली. ती नेमकी एका गोऱ्या साहेबाची निघाली, जुन्या अहवालाची. साहेबाचं नाव दिसताच त्यानं चिठ्ठी अलगद जागेवर ठेवली आणि "सायबबी हायत का यात?" असं पुटपुटत शिपायांसकट बाहेर पडला. इंग्रजी राज्याचा आम्हाला झालेला तेवढाच फायदा.

आता मिठाची गोष्ट सांगतो. सरांनी तरुणपणी, लग्नाच्याही आधी, हरिपूरला जाऊन पेवांवर एक लेख लिहिला होता आणि तो एका मासिकात छापून आला होता. छापलेलं असं त्यांचं तेवढंच. पण त्या एका लेखावर सरांचं सांगलीत नाव होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, पेव भरण्यापूर्वी तळाशी मूठभर मीठ टाकण्याचा प्रघात आहे, त्यामुळे जमिनीतली ओल हळदीपर्यंत पोचत नाही. हा सरांचा शोध. पेठेतले व्यापारी त्यांना नमस्कार करत ते या मिठासाठी. सर स्वतः फुशारकी मारणाऱ्यांतले नव्हते, पण पंगतीत या विषयापाशी आलं की त्यांचा आवाज किंचित बदलायचा. "मी पाहिलं. आणि माझ्यामागून चौघांनी पडताळून पाहिलं." ते चौघे म्हणजे तो गोरा साहेब, मुंबईचे एक प्रोफेसर, शेतकीखात्याची एक पुस्तिका आणि शाळेतलं भूगोलाचं पुस्तक. चौघांना चार वेगळे पाट होते आणि सरांच्या पाटाशेजारी ते अगदी ओळीनं, करवल्यांसारखे मांडलेले होते.

माझ्या प्रबंधाचा अर्धा डोलारा त्या मिठावर उभा होता. पेवात हळद का टिकते, तर मीठ ओल धरून ठेवतं म्हणून. आणि पंचाईत अशी की पेवं भरताना मी कितीदा तरी पाहिली, पण मीठ काही दिसलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "लढाईचे दिवस. मीठ महागलंय. पद्धत सोडली असेल." मलाही ते पटलं. न पटून सांगतो कुणाला? हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. पण छापलेलं वाचणारे लोक हरिपूरला जात नव्हते आणि हरिपूरचे लोक छापलेलं वाचत नव्हते, त्यामुळे दोन्हीकडे शांतता होती.

सरांनीच लावलेली खोड मला नडली. मी त्या चौघांत परसदारानं शिरलो. शाळेच्या पुस्तकानं सगळं शेतकीच्या पुस्तिकेतून उचललं होतं. पुस्तिकेनं मुंबईच्या प्रोफेसरांचा हवाला दिला होता. प्रोफेसरांनी गोऱ्या साहेबाचा. आणि साहेबानं पानाच्या तळाशी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ही माहिती एका देशी मासिकातल्या लेखावरून घेतली. तो लेख आमच्या सरांचा! चौघांपैकी एकजणही पेवाच्या काठावर गेला नव्हता. फक्त मीठ वाढत गेलं होतं. सरांची मूठ साहेबानं तशीच ठेवली, प्रोफेसरांनी तिचा पसा केला, पुस्तिकेत पाटीभर मीठ झालं आणि शाळेच्या पुस्तकात तर मिठाचा थरच बसला. 'पेवाच्या तळाशी मिठाचा थर देतात' हे वाक्य मी स्वतः लहानपणी घोकलेलं. ज्याला ते आठवलं नाही त्याला आमच्या गुरुजींनी छड्या दिल्या होत्या.

आता हे सरांना सांगायचं कसं? त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढं जाणार नव्हता, पण खरं सांगू, सहीची भीती तेवढी नव्हती. या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट अभिमानानं सांगितली होती आणि ती मी त्यांच्या हातातून काढून घ्यायची होती. मी टाळाटाळ सुरू केली. डोकं दुखतंय, सायकल पंक्चर आहे, असली शाळकरी कारणं. शेवटी गावी निघून गेलो. वडिलांनी विचारलं, "कवा संपतोय लेका तुझा परबंध? लोकं इचारत्यात, पोरगं सांगलीत काय करतंय? म्या सांगतो, हळदीवर ध्यान ठेवतंय." मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आपल्या सुभेदाराची चूक चारचौघांत काडायची न्हाई. पर दारूगोळा वला झालाय ह्ये ठावं आसून गप बसलं, तर सुभेदारबी मरतो आन् पलटणबी. जा. एकट्याला गाठ आन् सांग."

मी सांगलीला आलो आणि सर फिरायला गेले असताना त्यांच्या खोलीत शिरून पंगत बदलली. चारही चिठ्ठ्या पुस्तकांसकट आपापल्या पाटांवरून उचलल्या आणि सरांच्या पाटावर ठेवल्या. चार पाट रिकामे झाले. मग भिंतीला टेकून उभा राहिलो. सर आले, टोपी खुंटीला लावली आणि पाटांकडे बघतच राहिले.

"हे चौघे एका पाटावर कसे?"

"मांडीवर आहेत, सर."

"कुणाच्या?"

मी नुसतं त्या पाटाकडे बोट दाखवलं. सर वाकले, एकेक चिठ्ठी वाचली, पुस्तकांतली आधारांची पानं उघडून पाहिली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, हा तर त्यांचाच धंदा. ते हळूच खाली बसले. "म्हणजे कुणी पाहिलं नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, आम्ही पाचजण आहोत. मी एकटाच आहे रे." मग एकदम मान वर करून ते म्हणाले, "पण मी पाहिलंय! या डोळ्यांनी. कंदील खाली सोडला होता. तळाशी मीठ पडलेलं होतं. तिथल्या हमालाला विचारलंसुद्धा, मीठ टाकतात का म्हणून. तो म्हणाला, टाकत्यात की, टाकावंच लागतंय."

"कसलं मीठ?" काकू दारात उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले.

"तुमच्या हरिपूरच्या पेवातलं," मी म्हणालो.

"पेवात कशाला कोण मीठ टाकतंय? हळद पाणी धरेल की." मग त्यांनी सरांकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी आठवलं. "अहो, तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात त्या दिवसाचं म्हणताय काय? ते तर तुमच्यावरून उतरलेलं!"

झालं होतं ते असं. रिकामं पेव बरेच दिवस बंद होतं आणि उघडून हवा खेळायच्या आतच आमचे हे तरुण लेखक त्यात डोकावायला गेले. आतली कोंदट हवा तोंडावर आली, चेहरा पांढराफटक पडला आणि हे मागच्या मागं कलंडले. काकूंची आजी तिथंच होती. नवा माणूस, नवा कोट, गोरागोमटा, म्हणजे दृष्टच लागली असणार असं तिनं ठरवलं. नातीला हाक मारली, मीठ आण गं मूठभर. नातीनं आणलं. आजीनं ते सरांवरून उतरलं, आणि टाकायला जवळ चूल नव्हती म्हणून समोर उघड्या पडलेल्या पेवात फेकून दिलं. सर शुद्धीवर आले ते सरळ कंदील घेऊन निरीक्षणाला लागले. हमालही काही खोटं बोलला नव्हता. दृष्ट लागली तर मीठ टाकावंच लागतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" सर ओरडले.

"मला काय माहीत तुम्ही ते छापलंय म्हणून!"

"तू माझा लेख वाचला नाहीस?"

"घेतला होता वाचायला," काकू म्हणाल्या. "पण पहिली दोन पानं कृष्णामाईचं वर्णनच संपेना. मग ठेवून दिला."

सर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांना पाणी आलं, काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, सुटलो बुवा. पण हसू ओसरल्यावर सर उठले, आत गेले आणि जेवायला आले नाहीत. काकूंनी मला डोळ्यांनीच जा म्हणून सांगितलं. मी खोलीवर आलो आणि दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत ते प्रकरण लिहून काढलं. भूगोलाच्या पुस्तकापाशी तळटीपेत आमच्या गुरुजींच्या छड्याही घातल्या. लिहिताना होता नव्हता तेवढा विनय खर्च केला. 'एका आद्य अभ्यासकाच्या निरीक्षणात काहीशी अस्पष्टता राहून गेली असावी,' वगैरे.

संध्याकाळी सर स्वतः माझ्या खोलीवर आले. असं कधी झालं नव्हतं. खाटेवर बसून त्यांनी ते प्रकरण वाचलं आणि माझ्याच दौतीत टाक बुडवून ते वाक्य खोडलं. "अस्पष्टता कसली? चूक आहे, चूक लिही. आणि आद्य अभ्यासक कोण? त्याला नाव नाही? घाल नाव."

"सर, लोक हसतील."

"हसू देत. मी नाही का हसलो?" त्यांनी टाक दौतीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "शंकर, तुझ्या गुरुजींनी त्या पोरांना छड्या मारल्या ना, त्या माझ्या मिठासाठी. किती गावांत मारल्या असतील देव जाणे. पोरांनी खोटं पाठ केलं नाही म्हणून मार खाल्ला. त्या छड्या मला परत घेता येत नाहीत. लिहिलेलं तेवढं परत घेता येतं, ते तरी घेऊ दे मला." मी त्यांच्या पाया पडलो. पाया पडण्याबद्दल त्यांची काही मतं होती, पण त्या दिवशी त्यांनी ती सांगितली नाहीत.

डोलारा पडला तसा प्रबंध मला नव्यानं उभा करावा लागला. पेवात हळद का टिकते याचं उत्तर आधीच्या कुणीच नीट शोधलेलं नाही, एवढंच काय ते पातेल्यात उरलं होतं, आणि तेच माझ्या वाट्याचं होतं. सरांनी एकच हट्ट धरला. मिठाच्या प्रसंगाला प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून काकूंचं नाव, माहेरच्या नावासकट, पानाच्या तळाशी घालायचं. काकू कावल्या, "माझ्या माहेरची माणसं काय म्हणतील!" सर म्हणाले, "सगळ्या पंगतीत मीठ पडताना स्वतः पाहिलेली तू एकटी. तुला मांडीवर बसवू काय?" नाव गेलं. परीक्षेला नेमके तेच मुंबईचे प्रोफेसर आले, मुठीचा पसा करणारे. त्यांनी ते प्रकरण माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांनी हे वाचून सही केली?" मी म्हणालो, "चुकणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच आहे, साहेब. तुमचं दुसरं सुद्धा नाही." त्यांनी प्रबंध मिटला आणि मला पास केलं. भला माणूस.

सांगलीत मात्र मीठ काही विरघळलं नाही. सर पेठेत जाऊन स्वतः सांगायचे, अहो ते चुकलं होतं माझं. व्यापारी हात जोडायचे आणि सर वळले की एकमेकांना म्हणायचे, "केवढी विद्वत्ता, पण केवढा विनय!" जितकं नाकारावं तितकी कीर्ती वाढायची. सर चिडायचे. "शंकर, खोटं मागं घ्यायला निघालं की लोक आपल्यालाच थोर म्हणतात. काय करावं रे या लोकांना?"

मी पुढं साताऱ्याला शिकवायला लागलो. स्वातंत्र्य आलं, आणि त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात सर गेले. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोचलो तो शोकसभेला. नाट्यगृह भरलं होतं, पेठ बंद ठेवली होती. बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत काकू बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. माणूस मोठा, आवाज भरदार, हेतू चांगला. ते म्हणाले, "सांगलीच्या हळदीला ज्यांनी जगाच्या नकाशावर नेलं, पेवातल्या मिठाचं शास्त्र ज्यांनी प्रथम उजेडात आणलं..." आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पुढं त्यांनी जाहीर केलं की हे वाक्य संगमरवरी पाटीवर कोरून ती पेठेच्या तोंडाशी बसवण्यात येईल.

मी बसूनच राहिलो. आजच्या दिवशी, त्या माउलीच्या देखत, तिच्या नवऱ्याची चूक काढायची? माझी हिंमत होईना. मग काकूंनी मागं वळून सभेत मला शोधलं. त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. मी उठलो. "अध्यक्षमहाराज, माफ करा," मी म्हणालो, "पेवात मीठ टाकत नाहीत. ते सरांचं चुकलं होतं. त्यांनी ते स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवायला लावलंय." सभेत कुजबुज सुरू झाली. शेजारच्यानं माझा कोट ओढला, मागून कुणीतरी म्हणालं, "बसवा त्याला खाली, गुरुद्रोही!" मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पेव, आजी, मूठ, छड्या. अध्यक्ष खाली बसले. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

सभा संपल्यावर मी दारापाशी काकूंची वाट बघत उभा राहिलो. लोक माझ्या अंगाला अंग न लावता बाहेर जात होते. काकू आल्या, माझा हात धरला. मी म्हणालो, "काकू, आज बोलायला नको होतं का मी?"

"तू उठला नसतास तर मी उठणार होते," त्या म्हणाल्या. "जन्मभर त्यांनी खरं काय ते शोधलं. एकदा चुकले, तर कुणी न विचारता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. त्यांचं ते सगळ्यात मोठं काम, शंकर, आणि हे लोक तेवढंच पुसून त्यावर दगड बसवायला निघाले होते."